आई, लेकरू आणि दोन मुके जीव



आज लिहिणार आहे बिऱ्हाड हलवण्यावर. तेही नवरा नसलेल्या बाईने, शाळकरी लेकरू आणि दोन मुकी जनावरं सोबत घेऊन, तालुक्याच्या गावातून पुण्यासारख्या शहरात. अशा मुली आपल्या समाजात आता गावोगावी आहेत. कुणाचा नवरा कोरोनात गेला, कुणाचा अपघातात, कुणाचं पटलं नाही. त्या मंदिरात भेटल्या की आपण विचारपूस करतो, हळहळतो. पण त्यांना शहरात घर कसं मिळतं, लेकराचा शाळाप्रवेश कसा होतो, हे आपण क्वचितच विचारतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी शिरूर अनंतपाळलाच दिलेली. नाव लिहीत नाही, तिला आवडणार नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत तिचा नवरा गेला. मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. घरात एक गावठी कुत्रा, मोत्या. जावईबापूंनी तो मोंढ्यातून पिल्लू असताना उचलून आणलेला. आणि एक मांजर, मनी. ती लॉकडाऊनमध्ये आपली आपण आली आणि राहिली.

वडील गेल्यावर पोरगं महिनोन्महिने कुणाशी धड बोलत नव्हतं. शाळा बंद, मित्र घरात कोंडलेले. संध्याकाळी ओसरीवर बसून ते मोत्याच्या कानात काहीतरी पुटपुटायचं. आम्ही कुणी ते ऐकायला गेलो नाही. तेवढं एक दार उघडं होतं, ते तसंच राहू दिलं.

दोन वर्षं भाचीने इथल्या दुकानांचे हिशेब लिहून संसार ओढला. मग पुण्यात एका सीएंच्या ऑफिसात टॅली आणि जीएसटीच्या कामासाठी जागा मिळाली. पगार इथल्यापेक्षा दुपटीहून जास्त. २०२३ च्या मे महिन्यात जायचं ठरलं आणि घरात एकच विषय सुरू झाला: कुत्र्या-मांजराचं काय?

सल्ले पुष्कळ आले. "शेतावर सोडून द्या, राखण होईल." "मांजर काय, ते घराचं असतं, राहील इथंच." "पांजरापोळात पाठवा." सल्ला देणारी माणसं वाईट नव्हती. तिच्या डोक्यावरचा भार कमी व्हावा असंच त्यांना वाटत होतं. पण पांजरापोळ आपल्या पूर्वजांनी उभी केली ती म्हाताऱ्या, लंगड्या, आजारी, ज्यांचं कुणी नाही अशा जिवांसाठी. ज्याचं घर आहे, माणसं आहेत, त्या धडधाकट जिवाला आपल्या सोयीसाठी तिथं नेऊन घालणं म्हणजे एखाद्या निराधार जनावराची जागा अडवणं.

एका काकूंनी मात्र शास्त्राचा मुद्दा काढला, आणि तो टाळण्यासारखा नव्हता. श्रावकाचारात जी पंधरा खरकर्मं टाळायला सांगितली आहेत त्यांत असतीपोष येतो, म्हणजे कुत्री, मांजरं असे हिंसक प्राणी पोसणं. "मग जैनाच्या घरात मांजर कसं चालतं?" असं त्यांनी सरळ विचारलं. प्रश्न रास्त होता. भाचीने तो चातुर्मासात आलेल्या माताजींपुढे आधीच ठेवला होता. त्यांचं उत्तर दोन वाक्यांचं होतं: हौसेनं नवीन आणू नका, आणि जे आश्रयाला आलं आहे ते टाकू नका. मला हे पटलं. जो उद्योग म्हणून प्राणी पोसतो, त्यांच्याकडून शिकार करवतो, त्याचा धंदा करतो, त्याची गोष्ट वेगळी. आणि दाराशी आलेल्या जिवाला दोन घास देणाऱ्याची वेगळी.

आपल्याकडे जीवंधरकुमाराची कथा लहानपणापासून सांगतात. मरणाला टेकलेल्या कुत्र्याच्या कानात त्याने णमोकार मंत्र म्हटला आणि तो कुत्रा पुढे यक्ष झाला, जन्मभर कुमाराच्या उपयोगी पडला. नेमिनाथ भगवान तर कोंडलेल्या पशूंचा आक्रोश ऐकून लग्नमंडपाच्या दारातून परतले. कथा ऐकताना आपले डोळे भरून येतात. बिऱ्हाड बांधायची वेळ आली की तीच कथा आपल्याला किती लागू आहे ते कळतं.

मी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय काढला. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण पाठशाळेत घोकलेले असतात: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. बांधून ठेवणं, मारणं, अवयव कापणं, झेपणार नाही इतका भार लादणं आणि खाणं-पिणं तोडणं. हे पाचही अतिचार घरातल्या जनावरांशी आणि आपल्यावर अवलंबून असलेल्यांशी कसं वागू नये ते सांगतात. म्हणजे गृहस्थाच्या घरात असे जीव असणार हे आचार्यांनी धरूनच चाललं आहे. मी भाचीला म्हटलं, "बाळ, याच पाच कलमांवर यादी कर. सामानाची यादी नंतर."

जनावरांना घेऊन स्थलांतर करणं आपल्या मराठवाड्याला नवीन नाही. दिवाळी झाली की ऊसतोडीला निघालेल्या बैलगाड्या आपण दरवर्षी पाहतो. गाडीत भांडीकुंडी, लेकरं, कोंबड्या, आणि गाडीखाली सावलीने चालणारं कुत्रं. त्यांना कुणी विचारत नाही की कुत्रं कशाला नेता. त्यातल्या एकल बाईचे हाल मात्र फार. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी धरतात. जोडी नसेल तर मुकादमाकडून उचल मिळणं कठीण. दुष्काळात चारा छावण्या पडल्या तेव्हाही घरातलं कुणी ना कुणी दावणीशी मुक्कामाला असायचं. जनावर सोडून घर वाचवावं असं आपल्या शेतकऱ्याला सुचलं नाही.

बाहेरच्या जगातही हेच दिसतं. २००५ साली अमेरिकेत कतरिना वादळ आलं तेव्हा पाण्याने घर वेढलं तरी पाळलेलं जनावर सोडून जायला अनेक माणसं तयार झाली नाहीत. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला, की आपत्तीत लोकांना हलवण्याच्या योजनेत त्यांच्या पाळीव प्राण्यांचाही विचार झाला पाहिजे. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा केरळची एक विद्यार्थिनी आपलं हस्की जातीचं पिल्लू घेऊन सीमेपर्यंत आली आणि त्याच्यासकट भारतात परतली. त्या मानाने आमचं संकट लहानच.

आता व्यवहाराच्या गोष्टी.

सगळ्यात अवघड गेलं ते घर. भाचीने पंधरा-सोळा ठिकाणी फोन केले. पहिला प्रश्न, "मिस्टर काय करतात?" दुसरा, "घरात कुत्रं आहे का?" दोन्ही उत्तरं ऐकली की फोन बंद. एका ठिकाणी तर आपल्याच समाजाचे गृहस्थ होते. 'शाकाहारी कुटुंबालाच' अशी त्यांची जाहिरात. आम्हाला केवढा आधार वाटला! पण एकटी बाई म्हटल्यावर त्यांचा सूर बदलला. आणि गंमत म्हणजे 'शिरूर' म्हटलं की पुण्याच्या माणसाला घोडनदीचं शिरूर वाटतं. बीडचं शिरूर कासार, आमच्याच जिल्ह्यातलं शिरूर ताजबंद, असं सगळं सांगून झाल्यावर अनंतपाळ यायचं. तोवर समोरच्याचा उत्साह संपलेला.

या शोधात काही माहिती हाती लागली, ती लिहून ठेवा. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यानुसार हाउसिंग सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव करूनही नाही. लिफ्ट वापरू नका असंही म्हणता येत नाही. आपलं कर्तव्य एवढंच की कुत्रा बाहेर पट्ट्याने धरावा, त्याची घाण आपण उचलावी, लस वेळेवर द्यावी. पण सोसायटी वेगळी आणि घरमालक वेगळा. मालक स्वतःच्या घरासाठी अट घालू शकतो. म्हणून लपवाछपवी करू नये. आधी सांगावं, आणि होकार मिळाला की ते करारात लिहून घ्यावं. महाराष्ट्रात भाडेकरार लेखी आणि नोंदणी केलेलाच असला पाहिजे, असं १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा सांगतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. "अकरा महिन्यांचं आहे, नोंदणी कशाला" असं कुणी म्हटलं तर ऐकू नका. एकट्या बाईला तो कागद भिंतीइतका आधार देतो.

शेवटी घर मिळालं ते एका निवृत्त शिक्षिकेकडे. खालच्या मजल्यावर त्या, वर दोन खोल्या आणि गच्ची. त्यांनी मिस्टरांचं विचारलं नाही. विचारलं ते, "मोत्या रात्री भुंकतो का?"

शाळेचं तसं लवकर झालं. आठवीपर्यंतच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्यातलं पाचवं कलम लागू होतं. दुसऱ्या शाळेत जाताना आधीच्या शाळेने दाखला लगेच द्यायचा असतो, आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. हे कलम भाचीने कागदावर लिहून पर्समध्ये ठेवलं होतं, दाखवायची वेळ आली नाही. आई किंवा वडील यांपैकी एकच असलेल्या लेकरांसाठी राज्याची बालसंगोपन योजना आहे. २०२३ पासून तिची रक्कम महिना २,२५० रुपये झाली. समाजातल्या कितीतरी मुलींना ती ठाऊक नाही, आणि ठाऊक असली तरी "आपल्यासारख्यांनी सरकारचं कशाला घ्यावं" म्हणून अर्ज करत नाहीत. मैत्रिणींनो, ते पैसे लेकराच्या हक्काचे आहेत. जिल्हा बदलला तर महिला व बालविकास कार्यालयात जाऊन नवा पत्ता नोंदवून घ्यावा, म्हणजे खंड पडत नाही.

प्रवासाचा विचार आम्ही पाच कलमांवर केला. रेल्वेत कुत्रा न्यायचा तर वातानुकूलित पहिल्या वर्गाचा अख्खा डबकप्पा घ्यावा लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवावा लागतो. ती पेटी, तो आवाज आणि मे महिन्याचा उकाडा, म्हणजे बंधही आणि अन्नपाननिरोधही. तो विचार सोडला. सामान छोट्या हत्तीतून पुढे पाठवलं आणि गावातल्या ओळखीच्या ड्रायव्हरची गाडी ठरवून रात्री निघाले. मे महिन्यात आपल्या भागात दुपारी बंद गाडीत जनावर ठेवणं म्हणजे भट्टीत ठेवणं. निघण्याआधी पाच-सहा तास दोघांना खायला दिलं नाही. गाडीत उलटी होते म्हणून डॉक्टरांनीच तसं सांगितलं होतं. पाणी मात्र दर थांब्यावर घोटघोट पाजलं. मनीला हवेशीर पिंजऱ्यात घातलं आणि त्यात तिच्या अंगाखालचं जुनं गोधडीचं फडकं ठेवलं. ओळखीचा वास असला की मांजर शांत राहतं. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून रेबीजच्या लशीचा दाखला आधीच घेऊन ठेवला होता. पुणे महापालिकेत कुत्र्याचा परवाना काढताना तोच लागतो.

नव्या घरात मनीला पंधरा दिवस एकाच खोलीत ठेवलं. आपल्याकडे म्हणतात की कुत्रं माणसाला धरून राहतं आणि मांजर घराला. लगेच मोकळं सोडलं तर ते जुनं घर शोधत निघतं आणि वाहनाखाली सापडतं. हळूहळू एकेक खोली उघडत गेली. मोत्याचं उलट. त्याला पोरगं दिसलं की बस, गाव कुठलं का असेना.

खाण्याचा प्रश्न आपल्या घरात नाजूक. मोत्या भाकरी, वरण, दही-भात, शिजवलेल्या भाज्या यांवर मजेत आहे. कांदा, लसूण, द्राक्षं आणि चॉकलेट कुत्र्याला बाधतं हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा भाची म्हणाली, "मावशी, निम्मं पथ्य तर आपल्या घरात आधीपासूनच आहे!" मनीचं तसं नाही. मांजराच्या शरीराला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं, आणि ते दूधभातात मिळत नाही. ते कमी पडलं तर डोळे आणि हृदय बिघडतं. गावात असताना ती बाहेर काय खात होती ते आपण पाहत नव्हतो. शहरात वरच्या मजल्यावर बंद राहणाऱ्या मांजराचं ताट आपल्याच हातात येतं. भाचीने डॉक्टरांना विचारून बाहेरून टॉरिन घातलेलं शाकाहारी खाद्य मागवलं आणि दर काही महिन्यांनी तपासणी ठेवली. "तब्येत ढासळली तर मला वेगळा विचार करावा लागेल," असं ती स्पष्ट म्हणाली. या बाबतीत दोन्ही बाजूंनी मनाला टोचणी आहेच. म्हणूनच माताजींचं पहिलं वाक्य मला फार मोलाचं वाटतं: हौसेनं नवीन आणू नका.

आणि आता त्या पाच कलमांतलं चौथं, अतिभारारोपण. ते लिहिताना माझ्या मनात बैल नव्हता, पोरगं होतं.

वडील गेले त्या तेराव्या दिवसापासून जो येई तो त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणे, "आता तूच घरातला कर्ता पुरुष. आईला सांभाळ." नऊ वर्षांचं लेकरू! बोलणाऱ्याला ते धीर देणं वाटतं. पण विचार करा, गाडीला वासरू जुंपलं तर त्याला आपण काय म्हणू? पुण्याला निघताना तर कहरच झाला. "नव्या गावात आईकडे लक्ष ठेव, कोण येतं कोण जातं बघ," असं एका म्हाताऱ्या नातेवाइकांनी त्याला सांगितलं. पोराचा चेहरा लहान झाला. भाचीने पुढे होऊन हात जोडले आणि म्हणाली, "आजोबा, त्याचं काम सहावीचा अभ्यास आणि मोत्याला फिरवून आणणं. बाकीचं माझं." त्यावर कुणी काही बोललं नाही. मला मात्र त्या दिवशी तिचा फार अभिमान वाटला.

पुण्यात त्याने तेवढंच केलं. शाळेतून चारला येतो, खालच्या बाईंना हाक मारतो, सूर्यास्ताआधी मोत्याला खायला घालतो आणि स्वतःही जेवतो. आईचं ऑफिस उशिरा सुटतं, म्हणून ती डब्यातलं ऑफिसातच उजेडी खाऊन घेते. नियम मोडला नाही, वेळापत्रक बदललं. पहिले काही महिने त्याचे मित्र नव्हते. मोत्याला फिरवताना ओळखी झाल्या. "तुझा कुत्रा चावतो का?" एवढ्या प्रश्नावर मुलांची दोस्ती होते. कुत्रा म्हणजे लेकरू सांभाळणारं माणूस नव्हे, त्यासाठी शेजार लागतोच. पण रिकाम्या घराचं कुलूप उघडताना आत कुणीतरी शेपूट हलवत असणं, याची किंमत मी कोणत्या खात्यात लिहू?

बी.कॉम. केलेली बाई मी, जमा-नावे मांडल्याशिवाय मला झोप येत नाही. नावेच्या बाजूला लिहिलं: दर वर्षीची लस, डॉक्टर, खाद्य, गावाला जाताना दर वेळी गाडीचा खर्च, घर शोधताना गेलेले दोन महिने. रक्कम लहान नाही, एकट्या पगारात तर नाहीच. जमेच्या बाजूला रकमेत मांडता येईल असं काहीच नव्हतं. पोरगं आता जेवताना बोलतं, शाळेत काय झालं ते सांगतं. परवा त्याने आईला विचारलं, "बाबांना मोत्या कुठं सापडला होता?" दोन वर्षांत त्याने वडिलांचं नाव पहिल्यांदा काढलं. ते कुत्र्याच्या निमित्ताने निघालं.

सोडून देणं सोपं होतं, असंही नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने पाळलेलं जनावर उपाशी-तहानलेलं राहील अशा ठिकाणी टाकून देणं गुन्हाच आहे. पण कायद्याच्या आधी ते पोरगं पाहत होतं. वडील अचानक गेले. त्यानंतर आईने मोत्यालाही टाकलं असतं, तर अडचण आली की माणसं आपल्याला सोडतात, असंच ते शिकलं असतं. ते शिकवायचं नव्हतं.

शेवटी माझी एक विनंती. पुणे, लातूर, नांदेड, सोलापूर, छत्रपती संभाजीनगर इथल्या आपल्या मंदिरांची महिला मंडळं वर्षभर उपक्रम घेतात. प्रत्येक मंडळाने एक साधी वही ठेवावी. एकट्या बाईला, लेकरासह, आणि घरात मुका जीव असला तरी, विश्वासाने घर भाड्याने देणारे आपल्यातले कोण कोण आहेत, त्यांची नावं त्यात लिहावीत. जवळची शाळा, पशुवैद्य आणि संध्याकाळी लेकराला तासभर बसू देणारी एखादी आजी, हेही त्यातच असावं. ज्यांची वरची खोली रिकामी आहे त्यांनी पहिलं नाव आपलं घालावं.

आमच्या घरची वरची खोली मी लिहून टाकली आहे. शिरूर अनंतपाळला बदली होऊन कुणी शिक्षिका, नर्स, तलाठी आली, लेकरू आणि मांजर घेऊन आली, तर दार उघडं आहे. यांना विचारलं, तर म्हणाले, "मांजर कोणत्या रंगाचं ते नंतर बघू, आधी खोलीला रंग देऊन घेऊ."

जय जिनेंद्र.